हळहळावं कसं?

टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलंय आणि रस्त्याकडेला पाय चिरडलेलं मांजर पडलंय, असा योग आला तर गोंधळू नका. गेट पडणं ही देवाचीच कृपा, हळहळायला भरपूर वेळ मिळतो. आधी गाडी स्टँडवर लावा. मग मोबाईल काढा, मागचा उजवा पाय नीट दिसेल असा व्हिडिओ घ्या आणि आवाज थोडा कातर करून म्हणा, "कोणतर कायतर करायला पाहिजे की हो!" हा कोणतर म्हणजे आपल्या बेळगावातला सगळ्यात राबणारा माणूस. गटार तोच उपसतो, खड्डे तोच बुजवतो, मांजरही तोच उचलेल. रेल्वे गेली, गेट उघडलं, की किक मारा.

काहीतरी केल्याशिवाय राहवतच नसेल तर दूध पाजा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, जुलाब लागतात. पण पुण्य वाटीत ओततानाच जमा होतं, जुलाब नंतरचे. जखमेवर फिनेल ओता. मांजर अंग चाटणारच, म्हणजे पोटही आतून स्वच्छ. वर तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या. माणसाचं यकृत ती जिरवतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, धाप लागते, आणि अर्ध्या गोळीत तुमचा प्रश्न सुटतो. एवढं करण्याचाही कंटाळा असेल तर "सोमवारी बघू" म्हणा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून दगावू शकतं. सोमवार बराच पुरतो.

काही उतावळे मात्र समोरच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागतात, टॉवेलात गुंडाळून मांजर त्यात ठेवतात आणि डॉक्टर गाठतात. मी त्यातलाच, म्हणून अनुभवानं सांगतो, हे करू नका. पाय वाचण्यासारखा नव्हता, कापावा लागला. मांजराच्या फोटोला ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला होता. बिलाचा फोटो टाकला तर एक जोडलेले हात आले आणि पाठोपाठ कुणाचा तरी "शुभ सकाळ".

आता ती शेल्टरच्या पिंजऱ्यात आहे. टाके सुकलेत, तीन पायांवर फळीवर उडी मारते. घर पाहिजे. इथं तुम्ही फक्त प्रश्न विचारत राहायचं. पर्शियन हाय काय? बोका की भाटी? (अंगावर पांढरा, काळा, पिवळा असे तिन्ही रंग आहेत, असं मांजर जवळजवळ नेहमी भाटीच.) मग पिल्लं घालत बसणार! नाही, तिचं ऑपरेशन झालंय. अरेरे, पाप की हो! एका काकूंना तर ती भाषेवरून नको झाली. पिंजरे धुणारा पोरगा तिला कानडीत "बेक्कू" म्हणून हाक मारतो, आणि काकूंच्या घरी मराठी. खरं तर ती "बेक्कू"ला ओ देत नाही आणि "मने"लाही देत नाही. ओ देते ती सुक्या बांगड्याच्या वासाला.

तरी कुणी फारच गळ घातली तर "गणपती झाल्यावर बघू" म्हणायचं. पुढं दिवाळी आहे, पोरांची परीक्षा आहे. वाट बघणं आपल्याला कुणी शिकवायला नको. सीमाप्रश्न सुटायची 1956 पासून आपण बघतोय, 2004 पासून तर सुप्रीम कोर्टात बसून बघतोय. तिचे आत्ताशी कुठं दोन महिने झालेत.

परवा एक गृहस्थ मात्र खरंच आले. बायकोला घेऊन, नवी कोरी टोपली घेऊन. ती पिंजऱ्यातून टुणकन उडी मारून त्यांच्या पायाशी आली, टोपली हुंगली, आत जाऊन बसलीसुद्धा. त्यांनी वाकून मागून बघितलं.

"व्हिडिओत चार पाय होते की हो!"

व्हिडिओ त्यांनीच काढला होता.