कातळावरची हॉकी

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. टीव्ही गेला, फ्रीज गेला, वर्षाचे तांदूळ गेले. बरोबर दोन आठवड्यांनी, ५ ऑगस्टला सकाळी सात वाजता, मी पडवीत उपड्या घमेल्यावर बसून मोबाईलवर भारत-जर्मनी बघत होतो. टोकियो ऑलिम्पिकमधली हॉकीची कांस्यपदकाची मॅच. भिंतींना चिखलाचा वास आणि आपण १-३ ने मागे. मग ३-३. मग ५-३! फावडी टाकून सगळं घर माझ्या पाठीमागे उभं. ५-४ झालं, आणि शेवटची सहा-सात सेकंदं उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर थेट हल्ल्याची संधी मिळाली. आपला गोलकीपर श्रीजेशने तो फटका अडवला आणि मी ओक्साबोक्शी रडलो. पुरात रडलो नव्हतो.

हे वेड अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. १५ मार्च १९७५. शिमगा तोंडावर आलेला, मी अकरा वर्षांचा. क्वालालंपूरला वर्ल्ड कपची फायनल, समोर पाकिस्तान. अंगणात ट्रान्झिस्टर, खरखर वाढली की अण्णा तो उचलून माडाकडे नेणार, आणि त्यातून समालोचक जसदेव सिंगांचा आवाज. अशोककुमारने, म्हणजे ध्यानचंदांच्या मुलाने, दुसरा गोल केला आणि आपण २-१ ने जिंकलो. तोवर मी हॉकी स्टिक डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. आमच्या पिढीतल्या कितीतरी कोकण्यांनी हा खेळ आधी कानाने शिकला.

त्यानंतर सोसलंही पुष्कळ. १९८२ ला दिल्लीत एशियाडच्या फायनलला पाकिस्तानकडून १-७. १९८६ च्या वर्ल्ड कपला शेवटचा नंबर. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला पोलंडने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी केली आणि सेमीफायनल हुकली. ती मॅच मला अजून अधूनमधून झोपू देत नाही. २००८ ला तर ऑलिम्पिकला पात्रसुद्धा ठरलो नाही. मध्ये एकदा १९९८ ला बँकॉकला आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या टीमने एशियाडचं सोनं आणलं, ३२ वर्षांनी. त्या रात्री अण्णांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. लोक विचारत होते, घरात काय झालं?

आता मुद्द्याचं. हॉकीचा विषय निघाला की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, 'टर्फ आलं आणि आपली हॉकी संपली.' टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. मॉन्ट्रियलला १९७६ मध्ये ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो, हे खरं आहे. टर्फ महाग, त्याला पाणी लागतं, हेही खरं. पण ओडिशातलं सुंदरगढ बघा. तिथली आदिवासी पोरं बांबूच्या काठ्यांनी खेळायला लागतात, गावच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून बोकड असतो. त्या मातीतून भारताचा कॅप्टन झालेला दिलीप तिर्की आला. पेनल्टी कॉर्नरला सगळ्यांच्या आधी चेंडूच्या अंगावर धावून जाणारा अमित रोहिदास आला. टर्फ तिथेही नंतर आलं, खेळ आधी होता. आपल्याकडे कातळाचे सडेच्या सडे, म्हणजे उघडी सपाट पठारं, मोकळे पडलेत आणि आपण पोरांच्या हातात बॅटीशिवाय काही दिलंच नाही. मला हे मनापासून खुपतं.

म्हणून गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी मी सड्यावर जातो. आठ पोरं येतात, त्यातल्या तीन मुली. स्टिक दोनच, बाकीच्यांकडे झावळीचे दांडे. कातळावर चेंडू कुठेही उसळतो, त्यामुळे नजर मात्र भलतीच तयार होते. त्यात एक मुलगी डावखुरी आहे. परवा हिरमुसून म्हणाली, "आजोबा, डाव्या हाताची स्टिक मागवाल?" मी सांगितलं, बाळा, हॉकीत तशी स्टिकच नसते, सगळ्यांना एकच. पण वरची मूठ डाव्या हाताची, स्टिक फिरवतो तोच. तुझा तर हात आधीच तयार आहे. त्यानंतर ती घरी जायलाच तयार होईना.

चिपळूण, खेड, गुहागरकडे कुणाच्या माळ्यावर जुन्या स्टिक पडल्या असतील तर मेसेज करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मुलांच्या उंचीच्या, ३४-३५ इंची असल्या तर फारच उत्तम.