मामा, ही गेम हाय!

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरच्या त्या रात्री मी झोपलोच नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढलेला माणूस, हात शिवशिवत होते. माजी सैनिकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला: अंधारात तोफा धडाडताहेत, वर विमान पेटलंय. मी लगेच चार ग्रुपवर ढकलला, वर लिहिलं, 'आपल्या पोरांनी पाडलं!' सकाळी भाच्यानं मोबाईल बघितला आणि खो खो हसत सुटला. "मामा, ही आर्मा ३ हाय. गेम हाय गेम!"

गेमला फसलो त्याचं एवढं नाही. पण गल्लीतली माणसं म्हणत होती, 'हवालदारांनी टाकलाय म्हणजे खरंच असणार.' ते लई लागलं.

तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचतोय. इराकमध्ये लढून आलेला क्रिस्टोफर गोल्डस्मिथ नावाचा अमेरिकन सैनिक आहे. व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांच्या संघटनेत तो काम करायचा. २०१७ मध्ये त्याला संघटनेच्याच नावाचं बनावट फेसबुक पेज सापडलं. फॉलोअर जवळजवळ २ लाख, खऱ्या पेजपेक्षा जास्त, आणि धागेदोरे निघाले बल्गेरियात! गडी दोन वर्षं त्या मागावर राहिला आणि माजी सैनिकांवर परदेशातून कसा नेम धरला जातो याचा जाडजूड अहवाल २०१९ मध्ये बाहेर काढला. नेम आमच्यावरच का? फौजीच्या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही म्हणून.

आणि खर्च तरी किती? मे २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या एका इस्लामिक केंद्रासमोर दोन गट आमनेसामने आले. दोघांनाही बोलावणारी पेजेस रशियातल्या एकाच कंपनीची. जाहिरातींवर गेले सुमारे २०० डॉलर. तेवढ्यात आपल्याकडं मंडळाचा मांडवसुद्धा पडत नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरात फौजी. रिटायर झाला की बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा, नाहीतर एमआयडीसीच्या गेटवर. त्या कामाला नावं ठेवत नाही, मीही केलंय. पण पहाऱ्यावर आम्हाला काय शिकवलं होतं? काय दिसलं, कुठं, किती वाजता, स्वतः बघितलं की ऐकलं. ऐकीव खबर बघितली म्हणून दिली की रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, ठरलेला. खोट्या बातम्या हुडकायला आणखी वेगळं काय लागतं? कॉम्प्युटर शिकता येतो, भाचा शिकवतोय मला. पावसाळ्यात पंचगंगा ३९ फुटांवर असताना 'धोक्याची ४३ ओलांडली' म्हणून जुने व्हिडिओ फिरतात, तेवढे जरी माजी सैनिकांनी तालुक्या-तालुक्यात तपासले तरी निम्म्या घरांची झोप वाचेल. सैनिक कल्याणाच्या योजनांत या कामाचं प्रशिक्षण असायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सुरुवात आमच्याच ग्रुपपासून केली. कुणी काही टाकलं की विचारायचो, 'साहेब, कुणी बघितलं? कुठं? कधी?' तिसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांनी मला ग्रुपमधून काढलं. रविवारी टेंबलाईच्या टेकडीवर गाठ पडणार आहे, तिथं विचारतो.