साडूला टेनिसची गोडी कशी लावावी

टेनिस वाढवायचे असे एकदा मनात आले की आधी माणूस हेरावा. साडू सर्वांत उत्तम. तो सहसा नाही म्हणू शकत नाही, आणि तुमच्यासमोर त्याची दमछाक झालेली सासरच्या काही मंडळींनाही हवीच असते. साडू नसेल तर रक्तातली साखर नुकतीच तपासून आलेला ऑफिसातला सहकारी चालेल.

बोलावणे पुणेरी पद्धतीने करावे: "या की एकदा कोर्टावर." वार, वेळ काही सांगू नये. तरीही तो खोदून विचारू लागलाच, तर जुलैतला दिवस द्यावा. माती कोर्टावर तेव्हा तळे असते.

यातूनही टिकला तर खेळाची ओळख म्हणून एक सामना दाखवावा. पुण्याच्या बालेवाडीत काही वर्षे एटीपीची, म्हणजे व्यावसायिक पुरुष खेळाडूंची, स्पर्धा झाली, त्यातली २०१९ ची फायनल निवडावी. केविन अँडरसन २.०३ मीटर, इव्हो कार्लोविच २.११ मीटर, तिन्ही सेट टायब्रेकला, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला. एकाने सर्व्हिस करायची आणि दुसऱ्याने मान हलवून बाजू बदलायची, एवढाच हा खेळ आहे अशी साडूची खात्री पटते.

आता रॅकेट. नवशिक्याला साधारण २६० ते २८५ ग्रॅमची, १०० ते १०५ चौरस इंच डोक्याची, ५० पाउंडांच्या आसपास ताणाचे मऊ गटिंग (म्हणजे तारांची विणणी) केलेली रॅकेट लागते. म्हणून ती देऊ नये. माळ्यावरची तुमची ३४० ग्रॅमची, ९० इंची काढावी, तिला कडक पॉलिएस्टरचे ५८ पाउंडांवर गटिंग करून घ्यावे आणि "चॅम्पियन लोक हीच वापरायचे" म्हणत हातात ठेवावी. मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांत दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. साडूच्या पंजाला तुमची जाड ग्रिप असली की बोटे पोचतच नाहीत, तो जीव खाऊन आवळतो, आणि उशिरा मारलेल्या प्रत्येक बॅकहँडचा हादरा थेट कोपराच्या बाहेरच्या हाडापर्यंत जातो. पंधरा दिवसांत चहाचा कप उचलताना कळ येऊ लागते. हे टेनिस एल्बो. तेवढ्यापुरता का होईना, टेनिस त्याच्या अंगात भिनला म्हणायचा.

बॉल तुमच्या बॅगेच्या तळाशी आहेत तेच. डबा उघडला की बॉलच्या आतला दाब हळूहळू उतरतो. धड बॉल २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो, तुमचे घोट्यापाशीच विसावतात. नवशिक्यांसाठी हिरव्या ठिपक्याचे २५ टक्के आणि नारिंगी ५० टक्के संथ बॉल मिळतात, त्याने माणूस पहिल्याच दिवशी दहा-पंधरा फटक्यांची रॅली करू शकतो. साडूने विचारलेच तर "ते बारक्या पोरांचे" म्हणून उडवून लावावे.

बूट जॉगिंगचेच घाला म्हणावे. त्यांची टाच उंच आणि मऊ, पळणे सरळ रेषेतले. टेनिसात पाय आडवे टाकावे लागतात. तिथे टाच कलंडते आणि घोटा मुरगळतो. (हा शॉर्टकट आहे. कोपरापर्यंत थांबायची गरज उरत नाही.)

प्रत्यक्ष शिकवणी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या अगदी मागच्या रेषेवरून, सुरू करावी. नेटपासून ६.४० मीटरवरच्या सर्व्हिस लाइनवर समोरासमोर उभे राहून हलके नॉकिंग केले तर त्याला फटका बॅटच्या मध्यावर बसल्याचा आवाज ऐकू येईल, आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस परत येतो. तेव्हा सावध. उभे राहा दोघेही पावणेचोवीस मीटरच्या दोन टोकांना. क्लबच्या मार्करने (सभासदांना सराव देणाऱ्या माणसाने) हाताने सोपे बॉल टाकू देऊ का विचारले तर त्याला चहाला पाठवावे. प्रत्येक फटक्यामागे किमान चार सूचना: गुडघे वाकवा, खांदा वळवा, रॅकेट लवकर मागे, नजर बॉलवर. त्या परस्परविरोधी असल्या तर अधिक चांगले. फोरहँड जरा जमतोय असे दिसताच ग्रिप बदलून हातोडा धरतात तशी कॉन्टिनेंटल करायला लावावी आणि सर्व्हिस सुरू करावी. बॉल मागच्या जाळीत जाईल, एखादा शेजारच्या कोर्टावर. तिथल्या काकांच्या भर मॅचमध्ये तो आणायला साडूलाच पळवावे.

गुण मोजताना पंधरा, तीस, चाळीस एवढेच पुटपुटावे. पंचेचाळीस का नाही विचारले तर हसावे.

मग लगेच सेट खेळावा आणि ६-० ने जिंकावा. एकही गेम सोडू नये. दयेपोटी सोडलेल्या एका गेमवर माणसे पुढची वीस वर्षे खेळत राहिलेली आहेत. ६-० ला बेगल म्हणतात, ही माहिती नेटवर हात मिळवताना द्यावी.

महिन्याभरात तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिकलबॉल (छोट्या कोर्टावर, फळीसारख्या बॅटने आणि भोकाच्या प्लास्टिक बॉलने खेळायचा खेळ) खेळताना दिसेल, घामाघूम आणि खुशीत. ओळख दाखवू नये. रॅकेट तेवढी आठवणीने परत मागून घ्यावी, ऑफिसातल्या साखरवाल्याला लागेल.