उजवीकडे लाट नव्हती, मतं आतल्या आत फिरली

‘२०२२ मध्ये इटलीची जनता उजवीकडे झुकली आणि जनमत चाचण्यांनी ते आधीच टिपलं’ हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. उजव्या आघाडीतल्या जॉर्जिया मेलोनींचा पक्ष ४ टक्क्यांवरून २६ वर गेला हे खरं. पण या आघाडीची एकूण मतं मोजा: २०१८ ला साधारण १ कोटी २१ लाख, २०२२ ला १ कोटी २३ लाख. म्हणजे आघाडीतल्याच साल्विनी आणि बर्लुस्कोनींच्या पक्षांची मतं बरीचशी मेलोनींकडे सरकली, नवीन मतदार फारसा आलाच नाही. ४४ टक्के मतांवर कनिष्ठ सभागृहात ४०० पैकी २३७ जागा मिळाल्या, कारण एकसदस्यीय मतदारसंघांत (जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा एकच निवडून येतो) उजवे एकत्र लढले आणि विरोधक तीन तुकड्यांत. हे लेखात यायलाच हवं होतं.

दुसरं म्हणजे घरी बसलेले मतदार. मतदान ७३ वरून ६४ टक्क्यांवर आलं. मी तेव्हा मिलानला शिकत होतो. माझी रूममेट दूर दक्षिणेतल्या कॅलाब्रियाची. शिकायला परगावी राहणाऱ्यांना तेव्हा तिथे मत देता येत नव्हतं, गावीच जावं लागे. तिचं मतदार कार्ड टेबलावर पडून होतं, मत दिल्यावर शिक्का मारायचे बहुतेक चौकोन कोरेच. तिकिटात सवलत होती, पण जाऊन-येऊन दोन दिवस मोडणार आणि सोमवारी परीक्षा. ती गेली नाही, आणि त्या रविवारी दिवसभर गप्प होती. त्यात शेवटचे १५ दिवस चाचण्या छापायलाच बंदी असते, त्यामुळे ऐनवेळी कोण घरी बसलं हे वाचकांना कळणार तरी कसं?