'पावडर सुटलेल्याला बिअर चालते' म्हणे!

परवा धनकवडीला मावशीकडे गेलो. फ्रिजमधून पाणी काढताना कोथिंबिरीच्या जुडीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली बिअरची बाटली हाताला लागली. ज्या घरात काकांच्या मित्रांनाही कधी ग्लास मिळाला नाही, तिथे! "अरे, त्याच्यासाठीच आणवली वॉचमनकडून," म्हणत मावशीने फोन पुढे केला. मावसभावाची ब्राऊन शुगर, म्हणजे अफूपासून बनणारी हेरॉइनची 'पावडर', सुटून चौदा महिने झालेत. त्यावर आलेल्या फॉरवर्डचं म्हणणं असं, की पावडर सुटलेल्याला दारू चालते. उलट तलफ आली की एखादी बिअर नाहीतर दोन पेग द्यावेत, शांत झोपतो. खाली 'जनहितार्थ, एक डॉक्टर, पुणे'. डॉक्टरला नाव नाही.

झोपेचं आधी घेतो, कारण त्यात जीव जातो. दारू आणि ब्राऊन शुगर, दोन्हींनी श्वास मंदावतो. शिवाय इतके महिने बंद असल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायची तेवढी पावडर आता झेपत नाही. दोन पेग पोटात गेल्यावर 'आज एकदाच' म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि मग जुन्याच मापाने ओढली की झोपतो खरा. सकाळी उठेल याची हमी तो बिननावाचा डॉक्टर देणार का?

फॉरवर्ड पुढे म्हणतो, 'व्यसन पावडरचं होतं, दारूचं नाही. मेंदूतले रस्ते वेगळे.' बरं. मग नाल्ट्रेक्सोन ही एकच गोळी दोन्हींवर कशी देतात? अमेरिकेत तिला 1984 साली अफूच्या जातीच्या व्यसनांसाठी मान्यता मिळाली आणि 1994 साली दारूसाठी. पावडर मेंदूत जिथे जाऊन चिकटते ती जागाच ती अडवते, आणि त्याने दारूची मजाही उतरते. रस्ते इतके वेगळे असते, तर एका नाकाबंदीत दोन्ही गाड्या सापडल्या असत्या का? एनएवाले (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, व्यसन सोडलेल्यांचा आधारगट) तर दारूला सरळ ड्रगच म्हणतात, आणि ती माणसं स्वतः त्यातून गेलेली असतात.

एक सुटलं म्हणून दुसरं लागत नाही, यासाठी फॉरवर्डने दिलेला 'परदेशी अभ्यास' मात्र खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, व्यसनातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे 13 टक्क्यांना तीन वर्षांत नवं व्यसन लागलं. बाहेर न पडलेल्यांत 27 टक्क्यांना. म्हणजे एक सुटलं की दुसरं लागतंच, असं नाही. पण 'म्हणून पाजा' हे त्यात कुठे आहे?

राहिलं 'बिअर म्हणजे जवाचं पाणी, मूतखड्याला बरी'. भावाला मूतखडा नाही.

मावशी बाटली मोरीत ओतायला निघाली होती. म्हटलं, इथे नको, वास राहतो, तो साडेसातला येईल. पिशवीत घालून मीच घेऊन निघालो.