बॅटरी, नळ आणि मेहुणा

चाकांवरच्या घराचं वायरिंग बहुधा वाऱ्यावरच सोडलेलं असतं. प्रत्येक मालक त्यात भर घालतो. कुणी पंखा, कुणी सोलर पॅनल. आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या हाताशी नेमकी एकाच रंगाची वायर असते.

आमच्या मोटरहोममध्ये सिंकचा नळ उघडला की दिवे मलूल व्हायचे, पाण्याचा पंप कण्हायचा आणि फ्रिज बीप करत रुसायचा. "अहो, नळ बंद केला की उजेड पडतो," बायकोने निदान केलं. सोबत आलेल्या मेहुण्याचा निकाल तयारच होता: "दाजी, बॅटरी बदला." गाडीत काहीही बिघडो, आधी बॅटरीच बदनाम होते.

मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. फ्यूज शाबूत. पंपाच्या वायरा सोडवून टोकांशी मोजलं, तिथेही १२.६! मीटरच्या मते गाडी ठणठणीत. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून गंजक्या जोडापलीकडेही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. पाहुणा पाच मिनिटं टेकला तर कुठलंही घर भरलेलंच वाटतं. मुक्कामाला राहिला की डबे रिकामे निघतात. जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स असेल आणि पंप पाच अँपिअर ओढत असेल, तर अडीच व्होल्ट वाटेतच गडप.

म्हणजे मोजायचं ते पंप चालू ठेवून. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा पंपाच्या निगेटिव्हवर. डोकं पलंगाखालच्या खणात, टॉर्च दातांत. "नऽऽळ!" मी ओरडलो. "काय गिळलंत?" आतून विचारणा. अखेर नळ उघडला आणि मीटर २.४ वर गेला. तिथे शून्याच्या आसपास हवं होतं. पॉझिटिव्ह निर्दोष सुटली, चोर अर्थिंगमध्ये.

अनेक मोटरहोममध्ये निगेटिव्हचा परतीचा रस्ता, म्हणजेच अर्थिंग, चॅसीमधूनच (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच) असतो. दिवे, पंप, फ्रिज सगळ्यांच्या अर्थिंगच्या वायरा एकाच बोल्टवर दाटीवाटीने बसलेल्या. तो बोल्ट कुणा महाभागाने चॅसीच्या रंगावरच आवळला होता. रिंग टर्मिनलखाली हिरवट पूड, बोटाला लागताच भुरभुर गळणारी. बॅटरीची केबल सोडवली, रंग खरवडून पत्रा लख्ख केला, नवी टर्मिनलं दाबून बसवली, वरून ग्रीस.

"उघड आता!"

पंपाने अशी मुसंडी मारली की पाणी सिंकमधल्या ताटलीवर आपटून थेट बायकोच्या तोंडावर. दिवे मात्र जराही हलले नाहीत.

मेहुण्याने छताकडे बघत मान डोलावली. "दाजी, नवी बॅटरी झकास चालतेय!"