सुभेदारसाहेबांना दवाखान्यापासून वाचवा

तुमच्या ले-आऊटमधला, म्हणजे वसाहतीतला, एखादा निवृत्त सुभेदार नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून घरी येणार असेल, तर सगळ्यात आधी त्याच्या हुद्द्यामागचं ‘साहेब’ काढून घ्या. पैसा लागत नाही आणि अर्धं काम तिथंच होतं. मागच्या पंधरा ऑगस्टला ज्याच्या हातात झेंड्याची दोरी दिली, कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली ज्याच्याकडून हक्काने मागून घेतली, त्यालाच ‘तो जेलातला’ म्हणताना सुरुवातीला जीभ जरा अडखळेल. आठवडाभरात सवय होते.

भेटायला जाल तेव्हा तब्येत विचारू नका. ‘नेमकं केलं काय होतं?’ हे विचारा. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारपैकी साधारण तिघे कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा खटला अजून चालूच असतो. पण ले-आऊटच्या चहाटपरीवर निकाल कधीच लागलेला असतो, तेव्हा कोर्टासाठी कशाला थांबायचं?

सुटकेचा दिवस मात्र जपून हाताळा. त्याच्या हातात एक कॅरीबॅग असेल. तीत दोन कपडे, कोर्टाचे कागद, जुनं पाकीट आणि गोळ्यांची एक अर्धवट पट्टी. पट्टीचा नाव छापलेला भाग नेमका कात्रीने गेलेला. उरलेल्या पाच गोळ्या पांढऱ्या आहेत, एवढंच कळतं. ती बीपीची आहे, शुगरची आहे की झोपेची, हे त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत करून घ्यायची गरज नाही. आत कोणती गोळी चालू होती, किती आणि कधीपासून, याचा कागद सुटण्याआधी तुरुंगाच्या डॉक्टरकडून मागून घेता येतो, ही गोष्ट त्याच्या बायकोच्या कानावर जाता कामा नये. ती माउली उगाच अर्ज घेऊन उभी राहायची. गोळ्या संपल्या की संपल्या. झोपेच्या काही गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केल्या तर फीटसुद्धा येते. तशी आलीच, तर कांदा हुंगवायला शेजारी असतातच.

यानंतरचे दोन आठवडे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या माणसांचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मरणाचा धोका तिथल्या इतर लोकांच्या 12.7 पट निघाला. म्हणून हे दोन आठवडे आपण पाहुणचारात घालवावेत. सासुरवाडीची माणसं येऊन जाऊ द्या, टेकडीच्या गणपतीला नारळ फोडा, कोराडीला देवीची ओटी भरा. कोराडीच्या वाटेवर प्रादेशिक मनोरुग्णालयाचा चौक लागतो, तिथं ऑटो थांबवू नका. त्या चौकाला अख्खं नागपूर ‘पागलखाना चौक’ म्हणतं. एवढी चोख व्यवस्था आपल्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवली आहे की त्या दारातून आत जायला माणसाला सीमेवर लागत नाही इतकी छाती लागते.

आणि मनाचं काही दुखणं असेलच कशावरून? मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधलं कलम 103 काढून बघा. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला संबंधित मंडळाकडे अहवाल पाठवायचा आहे. कशाचा अहवाल? तर तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही, असं प्रमाणित करण्याचा. किती आहेत ते मोजा असं नाही, नाहीत हे लिहून द्या. कधी कधी सरकार उपरोधिक लेखकांच्या पोटावर पाय आणतं, ते असं.

आता कार्ड. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे आपली ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे. पेन्शन मिळणाऱ्या माजी सैनिकाला, त्याच्या बायकोला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात, गरज पडली तर पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात पाठवतात. सोय चांगली आहे, म्हणूनच धोका जास्त. सुदैवाने सगळं पेन्शनवर अडकवलेलं आहे आणि पेन्शन दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यावर. सुभेदार आत असताना दाखल्याचा महिना येतो आणि निघून जातो. तुरुंगात त्याची रोज गिनती होते, सकाळी बराक उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना. सरकारच्या एका खात्याला तो रोज जिवंत सापडतो, दुसऱ्याला वर्षभर सापडत नाही. ही दोन खाती एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी आपण वेगळी घ्यायला नको, ती घेतली गेलेली आहे.

गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन थांबवतासुद्धा येते. सुटल्यावर अर्ज केला तर ती पुन्हा चालू होऊ शकते, पण अर्ज माणसाने स्वतः करावा लागतो. इथं आपण त्याला सल्ला द्यायचा: ‘साहेब, गेलं ते गेलं, आता कायले त्या कागदाच्या मागे लागता?’ (अशा वेळी ‘साहेब’ वापरायला हरकत नाही, सल्ला गोड लागतो.) डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), तुरुंगातून सुटल्याचा दाखला आणि निकालाची प्रत एका फाईलमध्ये लावून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलं, तर निदान कोणती गाठ कुठं सोडवायची हे कळतं. तेव्हा फाईल आणून देऊ नका. कागद चार ठिकाणी असले की बरे: एक ट्रंकेत, एक वकिलाकडे, एक पोराच्या मोबाइलमध्ये आणि एक उंदराकडे.

अमेरिकेत या बाबतीत फार घाई करतात. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याची माणसं सुटकेच्या आधीच तुरुंगात जाऊन भेटतात, बाहेर आल्यावर कुठल्या दवाखान्यात जायचं ते ठरवून येतात. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगताना 61व्या दिवसापासून अपंगत्वाच्या भत्त्यात कपात होते, पण सुटल्यावर उपचाराचा हक्क शाबूत असतो. आपल्याकडे कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, लष्करी रुग्णालय आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय याच शहरात आहे. फौजी माणूस नागपूरला नवा नाही. तरी तुरुंगात येणाऱ्याला ‘फौजेत होतास का रे?’ एवढं एक वाक्य कुणी विचारून नोंदवून ठेवलं, तर ही अमेरिकी थेरं इथंही सुरू होतील. नाव विचारा, गाव विचारा, अंगावरची खूण लिहून घ्या. तेवढं पुरे.

फौजेतूनच बडतर्फ झालेला असेल तर काम आणखी सोपं. त्याला ईसीएचएस नाही. पण माणूस म्हणून मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी त्यालाही उघडी आहे, भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, वय 70 झालं असेल तर आयुष्मानचं कार्डही निघतं. हे त्याला सांगू नका. ‘तुमचं आता काहीच होऊ शकत नाही’ हे वाक्य पाठ करून ठेवा.

एवढं करूनही तो दवाखान्याच्या एखाद्या खिडकीपाशी पोचलाच, तर घाबरू नका, पुढचं खिडकी बघून घेते. असाच एक सुभेदार डोळ्यांसमोर आणा. वीस वर्षं तोफखान्यात काढलेली, डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्यात अखंड शिट्टी. रांगेत तो सावधानमध्ये उभा, मुठी शिवणीला लावून, कारण आतून सुटला तरी ती सवय सुटत नाही, आणि ती आधीची की तुरुंगातली हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आतला माणूस एकदा नाव पुकारतो, दोनदा पुकारतो. सुभेदार हलत नाही. तिसऱ्यांदा मागचा कुणी त्याला ढोसतो आणि तो असा गर्रकन वळतो की रांग दोन पावलं मागे सरकते.

‘काऊन हो, बहिरे आहात का?’

‘हो,’ तो सांगतो.

हे उत्तर उद्धटपणाचं धरावं. ‘कार्ड ब्लॉक दाखवून राहिलं. कारण लिहून आणा.’ आता गर्दीसमोर, त्याला स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात, त्याने ते कारण तिथं सांगावं अशी अपेक्षा असते. तो सांगत नाही. कागद घडी करून वरच्या खिशात ठेवतो, बटण लावतो आणि निघतो. कानाची तपासणी तिथंच, दोन मिनिटांत, फुकटात झालेली असते. फक्त ती कुणी लिहून घेत नाही.

घरी आल्यावर तो अंगणात बसून राहील, रात्री झोपणार नाही, फटाका वाजला की भिंतीला चिकटेल. ‘पिऊन आहे’ म्हणा. पीत असेल तर फारच उत्तम, मग खोटंही बोलावं लागत नाही. दारू सोडवायलाही डॉक्टर लागतो, एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, असल्या गोष्टी मनात आणू नका. शपथ घाला, गळ्यात माळ घाला.

एकच फट राहते ती बुजवून टाका. 14416 हा टेली-मानसचा नंबर. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. त्याच्या पोराने कुठून तरी तो शोधून काढला, तर पोराला समजवा की बाबांना फोनवर ऐकू येत नाही, स्पीकर लावावा लागेल, मग घरातल्या सगळ्यांना ऐकत बसावं लागेल, आणि भिंती पातळ असल्यामुळे आम्हालाही. त्यापेक्षा सकाळी बघू म्हणावं. सकाळी रविवार आहे.